त्याचा हिस्सा किती?

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी पोस्टमन आमच्या पवनानगरच्या घरी रजिस्टर पाकीट घेऊन आला. धरण भरत आलं होतं, तिकोन्यावर ढग उतरले होते आणि अंगणात घोटाभर पाणी होतं. पाकिटावर आम्हा तिघांची नावं होती. नावांखाली एक शब्द होता, जो आम्ही रोजच्या बोलण्यात कधी वापरत नाही. विश्वस्त.

आत एका फायनान्स कंपनीच्या वकिलाची नोटीस होती. आमच्या धाकट्या भावाविरुद्ध कंपनीला कोर्टाचा हुकूमनामा मिळाला होता. रक्कम होती आठ लाख साठ हजार, वर खर्च. नोटिशीत लिहिलं होतं की, तुमच्या कौटुंबिक ट्रस्टमध्ये या इसमाचा हिस्सा आहे. तो हिस्सा किती ते कळवा आणि यापुढे त्याच्या हिश्श्याचं भाडं त्याला न देता राखून ठेवा.

त्याचा हिस्सा किती? आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण ओट्यावर बसून तो कागद पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. खरं सांगायचं तर आमच्यापैकी कुणालाही उत्तर ठाऊक नव्हतं.

आमचे आजोबा, ज्यांना आम्ही दादाजान म्हणत असू, धरणाचं काम चालू असताना इथे आले. पवनानगरला तेव्हा काले कॉलनी म्हणत. जुनी माणसं अजूनही तसंच म्हणतात. धरणावरच्या मजुरांना पीठ, मीठ, रॉकेल लागे. दादाजानांनी पत्र्याचं दुकान टाकलं. पुढे रस्त्याकडेला जागा घेऊन त्यांनी पाच गाळे बांधले, मागे राहतं घर बांधलं. १९८८ साली, हातपाय चालत असतानाच, वडगावच्या एका वकिलाकडून त्यांनी दस्त करून घेतला आणि गाळे व घर ट्रस्टच्या ताब्यात दिलं. अब्बा आणि चाचा पहिले विश्वस्त झाले. ते दोघे गेल्यावर जबाबदारी आमच्यावर आली.

त्या दस्तातलं एक वाक्य आम्हाला तोंडपाठ आहे, कारण अब्बा ते नेहमी सांगत. गाळ्यांच्या भाड्यातून कुटुंबातल्या ज्याला जशी गरज असेल तसं, विश्वस्तांना योग्य वाटेल तेवढं द्यावं किंवा त्याच्या भल्यासाठी खर्च करावं. कुणाचा चौथा हिस्सा नाही, कुणाचा आठवा नाही. फुफी विधवा झाली तेव्हा भाड्याचा मोठा भाग तिच्या घरी जाऊ लागला. चाचांच्या मुलाचं ऑपरेशन झालं त्या वर्षी बाकीच्यांना फारसं काही मिळालं नाही. कुणी हिशेब विचारला तर अब्बा वही पुढे करत आणि म्हणत, ही अमानत आहे, वाटणी नाही.

आज पाचही गाळ्यांचं मिळून महिना अठ्ठावीस हजार भाडं येतं. घरपट्टी आणि डागडुजी जाऊन उरतं त्यात फुफीची औषधं, चाचांच्या नातीची नर्सिंगची फी, आणि थोडं थोडं आम्हा सगळ्यांच्या घरी. आम्हा तिघांना महिना तीन-तीन हजार मिळत होते.

धाकट्याची गोष्ट मावळात आता घरोघर आहे. तलावाच्या काठी तंबू लागायला लागले, पुण्या-मुंबईची मुलं शनिवार-रविवार येऊ लागली आणि ज्याला त्याला वाटलं की पैसा पाण्यातून वर येतोय. धाकट्याने भाड्याने जागा घेतली, तंबू, गाद्या, जनरेटर, एक पिकअप. चार पैसे आले तसा कामशेतच्या बाजूला छोटा प्लॉट घेतला. मग टाळेबंदी आली, त्यानंतर जागामालकाने जागा काढून घेतली आणि नव्या जागेसाठी फायनान्स कंपनीचं कर्ज काढलं. व्याजाचं कर्ज घेऊ नकोस, असं फुफीने सांगितलं होतं. तो हसून म्हणाला होता, फुफी, बिनव्याजी कोण देतं?

देणारे निघाले. आमच्याकडे रोज दूध घालणाऱ्या काकांनी दोन लाख चाळीस हजार दिले, व्याज न लावता. एका मंडपवाल्याचे साठ हजार अडकले. यातलं आम्हाला काहीच माहीत नव्हतं. म्हणजे आम्ही विचारलंच नव्हतं.

नोटीस घेऊन आम्ही वडगाव मावळच्या कोर्टात वकिली करणाऱ्या एका बाईंकडे गेलो. त्यांनी १९८८चा दस्त शांतपणे वाचला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “तुमचा भाऊ उद्या तुमच्यावर दावा लावून म्हणाला की मला महिन्याला इतके रुपये द्या, तर या कागदाच्या आधारे कोर्ट त्याला किती देईल?”

आम्ही म्हणालो, काहीच ठरलेलं नाही.

“मग कंपनीलाही तेवढंच मिळेल,” त्या म्हणाल्या. “घेणेकरी हा कर्जदाराच्या चपलेत पाय घालून उभा असतो. कर्जदाराला जे हक्काने मागता येत नाही, ते त्यालाही मागता येत नाही.”

त्यांनी समजावलं ते आमच्या शब्दांत सांगतो. ट्रस्टमध्ये लाभार्थ्याचा हिस्सा ठरलेला असेल, समजा ‘भाड्याचा पाचवा भाग अमक्याला’, तर तो त्याचा हक्क असतो. १८८२च्या भारतीय न्यास कायद्याप्रमाणे असा हक्क तो दुसऱ्याला देऊही शकतो, आणि म्हणून त्यावर घेणेकऱ्याची जप्तीही येऊ शकते. पण कुणाला किती द्यायचं हे विश्वस्तांच्या विवेकावर सोडलेलं असेल, तर लाभार्थ्याकडे एवढाच अधिकार असतो की विश्वस्तांनी त्याचाही विचार करावा, आणि प्रामाणिकपणे करावा. गोंडल संस्थानच्या माजी राजांच्या परदेशातल्या ट्रस्टांवर संपत्ती कर लावण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २०१४च्या त्या निकालातही हेच तत्त्व आहे की, विश्वस्त आपला विवेक वापरून देत नाहीत तोवर अशा लाभार्थ्याचा उत्पन्नावर हक्क उभा राहत नाही.

आमच्या चेहऱ्यांवरून आम्हाला नीट कळलं नाही हे त्यांनी ओळखलं असावं. त्या म्हणाल्या, “तुम्ही धरणाजवळचे. धरणात पाणी किती आहे ते सगळ्यांना दिसतं. पण दार उघडून पाणी नदीत आल्याशिवाय खालच्या कुणाला पंप लावता येत नाही. तुमच्या हातातून भावाच्या हातात पैसे गेले, की ते नदीतलं पाणी झालं. तिथे कंपनीला पंप लावता येईल.”

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, जी प्रत्येक घराने लक्षात ठेवावी अशी आहे. हुकूमनामा झाला म्हणजे घेणेकऱ्याला सगळंच उचलून नेता येतं असं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये जप्तीतून वगळलेल्या गोष्टींची मोठी यादी आहे. गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, कसणाऱ्या शेतकऱ्याचं राहतं घर. धार्मिक रिवाजाप्रमाणे बाईने अंगावरून उतरवू नये असा दागिना. पुढे मिळणाऱ्या पोटगीचा हक्क. कर्जदारालाही जेवावं लागतं, झोपावं लागतं, हे कायद्याला मान्य आहे.

बाहेर पडलो तेव्हा ओझं उतरल्यासारखं वाटलं. नोटिशीचं उत्तर ठरलं होतं: त्याचा ठरलेला हिस्सा नाही, त्याचं आमच्याकडे काही देणं नाही. गाळे वाचले. फुफीची औषधं वाचली.

आपल्या समाजाला ही व्यवस्था नवी नाही, हेही त्या दिवशी समजलं. आपली मुलंबाळं आणि त्यांची मुलंबाळं यांच्या पोटापाण्यासाठी मालमत्ता बांधून ठेवायची आणि शेवटी ती गरिबांच्या कामी लावायची, याला आपल्याकडे वक्फ-अलल-औलाद म्हणतात. अशी मालमत्ता विकता येत नाही, म्हणून एखाद्या वारसाच्या कर्जापायी ती सावकाराच्या घशात जात नाही. १८९४ साली दोन भावांनी केलेल्या अशाच वक्फचा खटला लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. तिथल्या न्यायाधीशांनी म्हटलं की, गरिबांचा लाभ इतका दूरचा आहे की तो नावापुरताच आहे, हा वक्फ नाही. एका निकालाने देशभरातल्या कितीतरी घराण्यांच्या व्यवस्था डळमळल्या. कलकत्त्याचे न्यायमूर्ती सय्यद अमीर अली यांनी आपलं वेगळं मत त्याआधीच नोंदवलं होतं. मौलाना शिबली नोमानी यांनी या प्रश्नावर मोहीम चालवली. मुंबईचे बॅरिस्टर मोहम्मद अली जिना यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात विधेयक मांडलं आणि १९१३ साली वक्फ वैधता कायदा झाला. पुढे १९३० साली तो जुन्या वक्फनाही लागू झाला. हनफी मुसलमानाला वक्फच्या उत्पन्नातून स्वतःची कर्जं फेडण्याची तरतूद करता येते, असंही या कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे कुटुंबाचं छप्पर राखणं आणि कर्ज फेडणं, या दोन गोष्टी कायदा करणाऱ्यांना एकमेकींच्या विरोधात वाटल्या नव्हत्या.

दादाजानांनी वक्फ न करता खासगी ट्रस्ट का केला, ते सांगायला आज कुणी नाही. खासगी ट्रस्ट वक्फसारखा कायमचा नसतो, काही पिढ्यांनी संपतो. पण हेतू तोच होता.

आठवडा गेला आणि धाकटा एका ‘सल्लागारा’ला घेऊन आला. पांढरा शर्ट, दोन मोबाईल. त्याचं म्हणणं सोपं होतं. ट्रस्टला कंपनी हात लावू शकत नाही ना? मग धाकट्याच्या नावावरचा प्लॉटही ट्रस्टमध्ये टाका. पिकअप भाच्याच्या नावावर करा. बक्षीसपत्र करू, तारखेचं मी बघतो.

धाकट्याने आमच्याकडे आशेने पाहिलं. खोटं कशाला बोला, क्षणभर आम्हालाही मोह झाला. आपलाच भाऊ, आपलीच माती.

आम्ही वकील बाईंना फोन लावला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “तुमच्या आजोबांनी ट्रस्ट केला तेव्हा त्यांच्या डोक्यावर कुणाचं देणं नव्हतं. स्वतःचं होतं ते त्यांनी दिलं. हा माणूस बुडाल्यावर देतोय.” मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५३ सांगतं की, घेणेकऱ्यांना बुडवण्याच्या किंवा लटकवण्याच्या इराद्याने केलेलं हस्तांतरण त्यांना कोर्टातून रद्द करून घेता येतं. हिबा केला तरी तेच. न्यास कायद्यात तर यावर उदाहरणच दिलं आहे: दिवाळ्यात निघालेला माणूस स्वतःच्याच फायद्यासाठी मालमत्ता दुसऱ्याकडे विश्वस्त म्हणून सोपवतो, तर तो ट्रस्ट त्याच्या घेणेकऱ्यांपुढे टिकत नाही. आणि तारीख मागची टाकणं ही तर सरळ बनवाबनवी.

मोठ्यांनाही हे सुटलेलं नाही. विजय मल्ल्या यांनी कोर्टाची मनाई असताना चार कोटी डॉलर मुलांच्या ट्रस्टांकडे वळवले. बँकांची थकबाकी उभी होती. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अवमानाबद्दल दोषी धरलं, जुलै २०२२ मध्ये चार महिन्यांची कैद सुनावली आणि ते व्यवहार रद्दबातल ठरवून पैसे व्याजासह परत करायला सांगितलं. २०२५च्या वक्फ दुरुस्ती कायद्याबद्दल आपल्या समाजात तीव्र नाराजी आहे आणि त्यातल्या अनेक कलमांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. पण वक्फ-अलल-औलाद केल्याने वारसांचा, विशेषतः बायकांचा, किंवा कायदेशीर दावा असलेल्या इतर कुणाचा हक्क बुडता कामा नये, हा त्यातला मुद्दा कुणाही ईमानदार माणसाला खटकू नये.

सल्लागाराला आम्ही चहा पाजून वाटेला लावलं. धाकटा मात्र उंबऱ्यात थांबला. “कंपनीला सांगता, त्याचा हिस्सा नाही. मला सांगता, प्लॉट आत घेणार नाही. मग या घरात माझा हिस्सा किती, ते तरी सांगा.” उत्तराची वाट न पाहता तो पावसात निघून गेला.

दोन दिवसांनी सकाळी दूधवाले काका आले. किटली खाली ठेवली, पण माप काढलं नाही. खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही काढली. धाकट्याने घेतलेल्या प्रत्येक रकमेपुढे त्याची सही होती.

काका धरणग्रस्तांपैकी. त्यांच्या घरची जमीन धरणात गेली. इथल्या कितीतरी कुटुंबांचा पुनर्वसनाचा प्रश्न पन्नास वर्षांनंतरही सुटलेला नाही. आपलं येणं कागदावर असून हातात येत नाही म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायला नको.

“मला कोर्टात जायचं नाही,” ते म्हणाले. “पोरं सांगतात, तुमच्या ट्रस्टात त्याचं काहीच नाही. कायदा असेल तसा. पण मला एक सांगा, मी पैसे कुणाला दिले? त्या पोराला? त्याच्याकडे तंबूशिवाय होतं काय? मी तुमच्या गाळ्यांकडे बघून दिले. तुमच्या आजोबांकडे बघून दिले.”

आमच्याकडे बोलायला शब्द नव्हते. कोपऱ्यातल्या गाळ्यावर पाच वर्षं धाकट्याच्या नावाचा मोठा बोर्ड होता, ‘मालक’ म्हणून. आम्ही रोज त्याखालून जात होतो. फायनान्स कंपनीच्या अर्जातही त्याने गाळ्यांत आपला हिस्सा असल्याचं लिहिलं होतं, हे नंतर कळलं. म्हणजे कर्ज घेताना गाळे त्याचे होते आणि फेडताना ते कुणाचेच नव्हते. त्याने तसं भासवलं आणि आम्ही तसं भासू दिलं.

त्या रात्री इशाच्या नमाजनंतर सगळे फुफीकडे जमलो. धाकट्यालाही बोलावलं. फुफीने औषधांची पिशवी बाजूला सारली आणि म्हणाली, “भाईजानला मी ओळखत होते, तसं अब्बाजींनाही ओळखत होते. त्यांनी भिंत घातली ती आत राहणाऱ्यांना ऊन लागू नये म्हणून. दुसऱ्याचा माल आत ओढून दडवायला नाही घातली.”

मग जे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो, त्याची उजळणी झाली. वारसांची वाटणी सांगताना कुरआन वसियत आणि कर्ज आधी सांगतो, वाटणी नंतर. सूरह बकरामध्ये देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे, साक्षीदारांसह, आणि तंगीत असलेल्या कर्जदाराला सवड देण्याचंही सांगितलं आहे. एका जनाज्यापुढे रसूलुल्लाह (स.) यांनी मय्यतवर कर्ज आहे का, असं विचारलं. आहे म्हटल्यावर ते स्वतः नमाज पढवायला पुढे झाले नाहीत. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज स्वतःवर घेतलं, तेव्हाच नमाज झाली.

पण त्या रात्री आम्हाला वाट दाखवली ती आणखी एका हदीसने. सहीह मुस्लिममध्ये ती हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांच्याकडून आली आहे. एका माणसाने फळं खरेदी केली, त्यात तो बुडाला आणि कर्जात रुतला. रसूलुल्लाह (स.) यांनी लोकांना त्याला सदका द्यायला सांगितलं. लोकांनी दिलं, तरी कर्ज पुरं फिटेना. तेव्हा घेणेकऱ्यांना सांगितलं गेलं की, जे हाती लागलंय ते घ्या, याहून जास्त तुम्हाला नाही.

यात तिघांची तीन कामं आहेत. कर्जदाराने आपल्याकडे आहे ते सगळं पुढे ठेवायचं. आजूबाजूच्यांनी हात लावायचा. आणि घेणेकऱ्याने माणसाला रस्त्यावर आणेपर्यंत ओढायचं नाही. आम्ही आजवर फक्त तिसरंच काम बघत होतो, कारण ते आमच्या सोयीचं होतं.

धाकटा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “प्लॉट विकतो.”

प्लॉट गेला, पिकअप गेली. त्या पैशांतून कंपनीशी सात लाखांत तडजोड झाली आणि कोर्टातली दरखास्त निकाली निघाली. उरले काका आणि मंडपवाले, मिळून तीन लाख.

त्यांना ट्रस्टमधून द्यायचं का, यावर आम्ही दोन रात्री बसलो. हे सोपं नव्हतं. भाडं ठरावीक आहे. एकाचं कर्ज फेडायचं म्हणजे दुसऱ्या कुणाच्या ताटातली भाकरी काढायची. फुफीच्या औषधांना हात लावायचा अधिकार आम्हाला आहे का? त्या पोरीची फी थांबवायची का, जिने कुणाकडून एक रुपया घेतला नाही? विश्वस्तांचा विवेक म्हणजे मनमानी नाही. न्यास कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे, तो अधिकार वाजवीपणे आणि नेक इराद्याने वापरला नाही तर दिवाणी न्यायालयाला त्यावर अंकुश ठेवता येतो. आणि वर अल्लाह बघतोच आहे.

शेवटी आमची बहीण म्हणाली, “आपल्या तिघांचे नऊ हजार आहेत ना. बोर्डाखालून आपणच जात होतो.”

तेच ठरलं. दोन वर्षं आम्ही तिघे काही घेणार नाही. ते महिना नऊ हजार ट्रस्टकडून धाकट्याच्या भल्यासाठी खर्च होतील, म्हणजे त्याच्या हातात न देता काकांना आणि मंडपवाल्यांना थेट दिले जातील. दस्तात ‘भल्यासाठी खर्च करावं’ असं लिहिलेलंच आहे, आणि माणसाच्या मानेवरून कर्ज उतरण्यापेक्षा मोठं भलं कोणतं? वरचे साडेतीन हजार धाकटा स्वतः देईल. तो आता दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. महिना साडेबारा हजार, चोवीस महिने, तीन लाख. वकील बाईंनी ठराव कसा लिहायचा ते सांगितलं. आम्ही तो वहीत लिहिला आणि तिघांनी सह्या केल्या. फुफीची आणि पोरीची रक्कम आहे तशीच आहे.

हे लिहीपर्यंत सात हप्ते गेले आहेत. सगळं गोड झालं असं मात्र नाही. आमच्यापैकी एकाच्या घरात या तीन हजारांवरून अजून धुसफूस होते, आणि ती खोटी नाही. त्या घरालाही खर्च आहेत. मंडपवाले आमच्याशी पूर्वीसारखं बोलत नाहीत. धाकटा ईदला आला, पण जेवायला थांबला नाही. काका मात्र पहिल्या हप्त्याच्या दिवशी वहीत आकडा लिहून आमची सही घेताना म्हणाले, “आता दुधाचं माप घ्या.”

कोपऱ्यातल्या गाळ्यावरचा बोर्ड आम्ही उतरवला. तिथे आता ट्रस्टचं नाव आहे. गावात कुणी आमच्या घरातल्या कुणाला उसने देऊ लागला तर त्याला आम्ही आधीच सांगतो की, गाळे याचे नाहीत, याच्या कमाईकडे बघून द्या.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी अनेक घरांत बापदादांनी काहीतरी बांधून ठेवलेलं असतं. कुठे वक्फ, कुठे ट्रस्ट, कुठे नुसती तोंडी समजूत. तो कागद एकदा काढून वाचा. हिस्से ठरलेले आहेत की विश्वस्तांवर सोडलेले आहेत, ते बघा. दोन्हींत फार फरक आहे. बहिणी-मुलींची नावं त्यात आहेत का, तेही बघा. नवी व्यवस्था करायची असेल तर डोक्यावर देणं नसताना करा, जाणत्या वकिलाला विचारून करा. जेवण्याच्या ताटावर एकदा घरातल्या प्रत्येकाला विचारा, तुझं कुणाला काही देणं आहे का? आम्ही हा प्रश्न पाच वर्षं विचारला नाही.

धाकट्याच्या त्या प्रश्नाचं उत्तर आम्ही अजून दिलेलं नाही. कागदावर त्याचा हिस्सा आजही काहीच नाही. पण दर महिन्याच्या पाच तारखेला काकांच्या वहीत त्याच्या नावापुढचा आकडा कमी होतो, आणि तो कमी करणाऱ्यांत त्याचे भाऊ आणि बहीण आहेत. उरलेले सतरा हप्ते फेडण्याची तौफीक अल्लाह तआला आम्हाला देवो, आणि चोविसावा गेल्यावर आमचा भाऊ जेवायला थांबो. आमीन.